लेबल छापायला नेट कशाला लागतं?

मागच्या द्राक्षाच्या सिझनला माझ्या मित्राच्या पॅकहाऊसमध्ये, दिंडोरी रोडला, पेट्यांवर चिकटवायची लेबलं छापायला एक छोटा प्रोग्राम हवा होता. पेटीचा नंबर, प्लॉटचा नंबर, वजन, तारीख आणि खाली बारकोड, बास एवढंच. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तो म्हणाला मामा मी करतो, आणि खरंच दोन संध्याकाळी बसून केलं पण त्याने. बारकोड काढायचं काम त्याने नेटवर फुकट मिळणाऱ्या एका लायब्ररीवर, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या तयार कोडवर, सोपवलं होतं, जे सगळेच करतात, मीही करतो, बारकोडचं गणित कोण लिहीत बसणार.

रविवारी तो माझ्याकडे गंगापूर रोडला आला. म्हटलं पॅकहाऊसच्या पीसीवर टाकायच्या आधी एकदा नेट पूर्ण बंद करून चालवून बघू. वायफाय नाही बंद केलं, फक्त तो प्रोग्राम डॉकरच्या डब्यात टाकला (डॉकर म्हणजे प्रोग्रामला बाकी मशीनपासून वेगळं ठेवून चालवायचं साधन) आणि डब्याला सांगितलं, नेटवर्क नन, म्हणजे नेट अजिबात नाही. प्रिंटर नव्हताच समोर, त्यामुळे लेबलाची नुसती फाईल काढली, ती नीट निघाली, बारकोड फोनने स्कॅनही झाला. पण टर्मिनलमध्ये खाली एक एररची ओळ आली, गेट-ॲड्र-इन्फो, ई-ए-आय-अगेन, आणि त्यापुढे एका वेबसाईटचं नाव, जे आम्ही दोघांनीही कधी ऐकलेलं नव्हतं. त्या एररचा अर्थ साधा आहे, की मी या नावाचा पत्ता विचारला, उत्तर मिळालं नाही, नंतर परत विचारून बघा.

भाचा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "मामा, लेबल छापायला नेट कशाला लागतंय याला?"

आम्ही लायब्ररीचा कोड उघडून शोधत बसलो, अर्धा तास गेला. ती लायब्ररी चोर नव्हती. कोण कुठलं व्हर्जन वापरतं, कुठल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, एवढं मोजायला ती तिच्या मालकाच्या सर्व्हरला निरोप पाठवत होती, आणि त्यात मशीनचं नाव पण जात होतं. बंद करायची सेटिंगही होती, कुठेतरी खाली लिहिलेली. पण मला जे लागलं ते हे की नेट चालू ठेवून चालवलं असतं तर आम्हाला हे कळलंच नसतं. आज मशीनचं नाव गेलं, उद्या त्याच वाटेने काय जाईल ते त्या लायब्ररीच्या मालकाच्या हातात, आमच्या नाही. आणि त्या पीसीवर काय काय असतं? ग्रेपनेटचा, म्हणजे द्राक्ष निर्यातीच्या सरकारी साईटचा, लॉगिन ब्राऊझरमध्ये सेव्ह केलेला, परदेशातल्या खरेदीदारांचे भाव एक्सेलमध्ये, बँकेची स्टेटमेंटं डाऊनलोडच्या फोल्डरमध्ये.

आता हे असं का होतं ते समजून घेऊ, कारण बऱ्याच जणांना वाटतं की प्रोग्राम फक्त त्याचं त्याचं काम करतो. तसं नसतं. कॉम्प्युटरवर तुम्ही जो प्रोग्राम चालवता तो तुमच्या नावाने चालतो, म्हणजे जी फाईल तुम्ही उघडू शकता ती तो उघडू शकतो, जिथे तुम्ही नेटवर जाऊ शकता तिथे तो जाऊ शकतो. विंडोज, लिनक्स, मॅक, मुळातली पद्धत सगळीकडे हीच, कारण या सिस्टीम ज्या काळात घडल्या तेव्हा काळजी होती ती एका माणसाच्या फाईली दुसऱ्या माणसाने बघू नयेत याची. माझाच प्रोग्राम माझ्या विरोधात जाईल हा विचार नंतर आला. फोनवर तो आला, अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला वेगळा युजर म्हणून वागवतात, एकाची फाईल दुसऱ्याला दिसत नाही. पण तिथेही एक गंमत बघा, कॅमेरा वापरायचा तर ॲप तुम्हाला विचारतं, लोकेशन हवं तर विचारतं, नेटची परवानगी मात्र ॲप इन्स्टॉल केलं की आपोआप मिळते, तुम्हाला कोणी विचारत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका टॉर्चच्या ॲपवर कारवाई केली होती, ते ॲप लोकांचं लोकेशन जाहिरात कंपन्यांना पाठवत होतं. टॉर्चला नेट कशाला, हाच प्रश्न.

आपल्याकडे हे समजावायला नाशिकरोडची नोटांची प्रेस सगळ्यात सोपी. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून, करन्सी नोट प्रेस १९२८ पासून, नाशिकरोडला ज्याच्या घरी प्रेसमधलं कोणी नाही असं घर शोधावं लागेल. आत काम करणारा माणूस नोटांच्या ढिगात उभा असतो, त्याशिवाय काम होणारच नाही. त्याला नोटांपासून लांब ठेवता येत नाही, मग काय करतात, तर सुटी झाल्यावर गेटवर तपासतात. आतल्या माणसाच्या हाताला माल लागतो हे धरूनच चालायचं आणि बाहेर पडायच्या वाटेवर पहारा ठेवायचा. भरवसा नसलेल्या कोडचं नेट बंद करणं म्हणजे हेच. फाईल वाचली तरी वाचू दे एक वेळ, पण ती घेऊन जाणार कुठे?

म्हणजे फाईलींवर बंधन नको असं मी म्हणत नाहीये, ते पण हवं. पण चोरी पूर्ण व्हायला दोन गोष्टी लागतात, माल हाताला लागणं आणि माल बाहेर नेणं, आणि दुसरी गोष्ट अडवणं बऱ्याचदा सोपं असतं कारण दारं मोजकी असतात.

कोणी म्हणेल आधी कोड वाचून घ्यायचा ना. भाच्याने पण हेच विचारलं. मी त्याला त्या प्रोजेक्टचं नोड मॉड्यूल्सचं फोल्डर उघडून दाखवलं, म्हणजे जिथे सगळ्या लायब्ररी येऊन पडतात ते, त्याने स्वतः घेतल्या होत्या तीन लायब्ररी आणि आत फोल्डर होते दीडशेच्या वर, कारण प्रत्येक लायब्ररी तिच्या मदतीला आणखी चार जणींना घेऊन येते. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या लायब्ररीचं असंच झालं. लाखो लोक वापरत होते, मूळ लेखकाला आता वेळ नव्हता, एका अनोळखी माणसाने मदत करतो म्हटलं, त्याच्याकडे चावी गेली, आणि त्याने फ्लॅटमॅप-स्ट्रीम नावाची अजून एक छोटी लायब्ररी आत जोडून दिली, जिच्यात कोपे नावाच्या बिटकॉइन वॉलेटमधल्या चाव्या पळवायचा कोड होता. वापरणाऱ्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं, फक्त अपडेट घेतला होता.

तर आता पहारा ठेवायचा कुठे. इथे दोन पद्धती आहेत आणि माझं मत एका बाजूला स्पष्ट आहे.

पहिली पद्धत म्हणजे ज्या भाषेत प्रोग्राम लिहिलाय तिच्याच रनटाईमने, म्हणजे तो प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, पहारा द्यायचा. जावाचे ॲपलेट आठवत असतील, १९९५ च्या सुमारास वेबपेजवर चालायचे, त्यांना नियम होता की ज्या सर्व्हरवरून तू आलास फक्त त्याच्याशीच बोलायचं. नियम छान होता, पण १९९६ मध्येच प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की नावाच्या मागचा पत्ता बदलून त्याला फसवता येतं, नाव तेच, पण त्या नावाचा पत्ता म्हणून हल्लेखोराने दुसऱ्याच मशीनचा आकडा सांगायचा. जावामधला हा पहारेकरी, त्याचं नाव सिक्युरिटी मॅनेजर, पुढे बरीच वर्षं होता, पण वापरायला किचकट, फार कोणी वापरला नाही, आणि २०२५ च्या जावा २४ मध्ये तो कायमचा बंदच केला.

आत्ताच्या काळात हीच पद्धत नीट केली ती डेनोने. रायन डाल, ज्याने २००९ मध्ये नोड बनवलं (ब्राऊझरच्या बाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा रनटाईम, डेनोही तसाच), त्यानेच २०१८ मध्ये बर्लिनला भाषणात नोडमधल्या आपल्या चुका जाहीर मोजून दाखवल्या आणि डेनो पुढे आणलं. डेनोमध्ये प्रोग्रामला सुरुवातीला काहीच परवानगी नसते. नेटला हात लावला की तो थांबतो आणि विचारतो, हा अमुक पत्त्यावर जायचं म्हणतोय, जाऊ देऊ का. कायमची द्यायची असेल तर कमांडमध्ये अलाऊ-नेट लिहून पुढे नेमका पत्ता आणि पोर्ट लिहायचा. विद्यार्थ्यांनी हे एकदा तरी करून बघावं असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्या प्रोग्रामला काय काय हवंय याची यादी डोळ्यासमोर येते. पण त्यातही एक दार लक्षात ठेवा, अलाऊ-रन दिलं, म्हणजे दुसरा प्रोग्राम सुरू करायची परवानगी दिली, तर तो दुसरा प्रोग्राम डेनोच्या पहाऱ्यात नसतो, तो मोकळा.

म्हणून मला दुसरी पद्धत जास्त भरवशाची वाटते, पहारेकरी प्रोग्रामच्या बाहेरचा हवा, ऑपरेटिंग सिस्टीमचा. लिनक्समध्ये नेटवर्क नेमस्पेस म्हणून प्रकार आहे, त्यात प्रोग्रामला एक वेगळंच रिकामं नेटवर्क दाखवतात, ज्यात बाहेर जाणारी वायरच नाही. डॉकरचं नेटवर्क नन म्हणजे हेच. प्रोग्राम कुठल्याही भाषेत लिहिलेला असो, त्याने दहा पोरं जन्माला घालू देत, म्हणजे आणखी दहा प्रोग्राम सुरू करू देत, सगळे त्याच रिकाम्या खोलीत. कॉलेजच्या कोडिंग कॉम्पिटिशनमध्ये मुलांचा कोड सर्व्हरवर चालवायचा असेल तर नेटच्या बाबतीत याच्यापुढे काही करायची गरज नाही, बेरीज-वजाबाकीला नेट लागत नाही.

अडचण सुरू होते जेव्हा थोडंसं नेट लागतं. पूर्ण बंद सोपं, पूर्ण चालू सोपं, मधलं अवघड. आणि खरी कामं सगळी मधलीच असतात. मधल्यात लोक कुठे फसतात ते सांगतो, यातल्या दोन ठिकाणी मी स्वतः फसलोय.

प्रॉक्सीची सेटिंग. बरेच जण एक प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, उभा करतात, त्यात परवानगीच्या वेबसाईट लिहितात आणि प्रोग्रामला सांगतात याच्यामार्फत जा. पण ती सेटिंग म्हणजे विनंती आहे, कुलूप नाही. चांगला प्रोग्राम ऐकतो, ज्याच्यावर भरवसा नाही तो सरळ जातो. आधी सरळ जायचा रस्ता तोडायचा, फक्त प्रॉक्सीपर्यंतची वाट ठेवायची, मग त्या यादीला अर्थ.

आयपीव्ही-सहा, म्हणजे नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही-चार. फायरवॉलचे नियम आयपीव्ही-चारसाठी मन लावून लिहिले आणि दुसरा दरवाजा सताड उघडा. आता आपल्याकडे घरोघरी फायबरवर आयपीव्ही-सहा येतं, त्यामुळे हे पुस्तकातलं राहिलेलं नाही.

यादीतल्या वेबसाईटची ताकद. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपण म्हणतो गिटहब, जिथे लोक आपला कोड ठेवतात, चांगली साईट आहे, यादीत टाका. पण गिटहबवर कोणीही लिहू शकतो ना! सप्टेंबर २०२५ मध्ये शाय-हुलूद नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक कोड, एनपीएमच्या (नोडच्या लायब्ररी जिथून मिळतात ते कोठार) ५०० हून जास्त पॅकेजमध्ये पसरला, तो डेव्हलपरच्या मशीनवरच्या चाव्या, म्हणजे पासवर्डसारखी गुपितं, गोळा करायचा आणि त्याच डेव्हलपरच्या गिटहब खात्यात पब्लिक रिपॉझिटरी, म्हणजे सगळ्यांना दिसणारं फोल्डर, काढून त्यात ओतायचा. दार ओळखीचं, नाव ओळखीचं, आणि त्यातूनच माल बाहेर. त्यामुळे यादीत नाव घालताना ही साईट चांगली की वाईट एवढं बघून भागत नाही, त्या साईटवर परका माणूस काही ठेवू शकतो का आणि दुसरा येऊन ते उचलू शकतो का हे बघायचं.

घरातला पत्ता. बाहेरचं नेट तोडलं पण आतलं लॅन, म्हणजे घरातलंच नेटवर्क, उघडं राहिलं, तर प्रोग्राम राऊटरच्या सेटिंगच्या पानापर्यंत जाऊ शकतो, सीसीटीव्हीपर्यंत जाऊ शकतो. क्लाउडवर याचंच मोठं रूप आहे, १६९.२५४.१६९.२५४ हा पत्ता, तिथे नुसतं विचारलं की त्या सर्व्हरच्या तात्पुरत्या चाव्या मिळू शकतात. २०१९ च्या कॅपिटल वन बँकेच्या डेटा चोरीत, ज्यात अमेरिकेतल्या जवळपास १० कोटी लोकांची माहिती गेली, वाट याच पत्त्यावरून गेली होती.

आणि डीएनएस, म्हणजे वेबसाईटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता सांगणारी व्यवस्था. याच्यावर जरा थांबू, कारण हे आम्ही डोळ्यांनी बघितलं.

लेबलच्या प्रोग्रामला खरं तर एकच गोष्ट हवी होती, लेबल प्रिंटर. पॅकहाऊसचा थर्मल प्रिंटर लॅनवर आहे, १९२.१६८.१.५० ला, आणि असे प्रिंटर ९१०० पोर्टवर ऐकत बसलेले असतात, जे पाठवाल ते छापतात. शिवाय काम करणाऱ्या ताई त्याच पीसीच्या ब्राऊझरमध्ये पेटीचं वजन टाकतात, म्हणजे मशीनचं स्वतःशी बोलणं पण चालू पाहिजे, ज्याला लोकलहोस्ट म्हणतात. पीसीवर उबुंटू आहे, लिनक्सचाच एक प्रकार. तिथे प्रोग्राम सर्व्हिस म्हणून चालवायचा असेल तर सिस्टीमडीमध्ये, म्हणजे सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्राममध्ये, दोन ओळी लिहून हे होतं, आयपी-ॲड्रेस-डिनाय मध्ये एनी, म्हणजे सगळं बंद, आणि आयपी-ॲड्रेस-अलाऊ मध्ये लोकलहोस्ट आणि प्रिंटरचा पत्ता. पहारा कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, प्रोग्रामला त्यात हात घालता येत नाही.

भाच्याने लिहिलं, चालवलं, खूश. मी म्हटलं आता त्यातूनच बाहेरच्या एखाद्या साईटला जायचा प्रयत्न कर. कनेक्शन झालं नाही, बरोबर. पण एरर बघितली तर आयपी ॲड्रेस दिसत होता, म्हणजे त्या नावाचा पत्ता काय ते प्रोग्रामला कळलं होतं. सगळं बंद असताना पत्ता सांगितला कोणी? तर उबुंटूमध्ये नावं शोधून देणारा एक वेगळा प्रोग्राम १२७.०.०.५३ वर बसलेला असतो. लोकलहोस्ट म्हटलं की १२७ ने सुरू होणारे सगळे पत्ते आले, त्यात हा पण आला. आमच्या प्रोग्रामने त्याला विचारलं आणि तो आमच्या वतीने बाहेर जाऊन विचारून आला, त्याच्यावर तर काही बंधन नव्हतं.

"पण नुसतं नाव विचारून काय चोरी होणार?" भाचा म्हणाला. होते. समजा माझ्या मालकीचं एक डोमेन, म्हणजे वेबसाईटचं नाव, आहे आणि त्यातले पत्ते सांगणारा नेमसर्व्हर पण माझाच. प्रोग्राम पासवर्ड वाचतो आणि विचारतो, पासवर्ड-टिंब-माझं-डोमेन याचा पत्ता काय? असा पत्ता नसतोच, पण प्रश्न फिरत फिरत माझ्या नेमसर्व्हरपर्यंत येतो आणि प्रश्नातच पासवर्ड लिहिलेला. नावाच्या एका तुकड्यात ६३ अक्षरं बसतात, पूर्ण नावात २५३ पर्यंत, एका प्रश्नात पासवर्ड जातो आणि हजार प्रश्नांत एक्सेलची फाईल. म्हणजे गेटवर माणसाची झडती घेतली, पण त्याने गेटच्या वॉचमनलाच चिठ्ठी दिली, एवढा निरोप बाहेर विचारून ये म्हणून.

उपाय एका शब्दाचा होता, लोकलहोस्टच्या जागी नेमका १२७.०.०.१ लिहिला. मग त्या वाटेने नाव विचारणंही बंद. प्रिंटर आकड्याने ओळखतो, नावाची गरजच नाही आम्हाला.

हे सगळं लेबलच्या प्रोग्रामपुरतं नाहीये. आता कितीतरी जण एआयकडून कोड लिहून घेतात आणि तोच एआय तो कोड त्यांच्या मशीनवर चालवतो पण, आणि तो वेबपेज वाचून शिकतो, आणि त्या वेबपेजमध्ये कोणी त्याच्यासाठी सूचना लपवून ठेवली असेल तर? अशा ठिकाणी रोज शंभर वेळा परवानगी विचारली तर माणूस विसाव्या वेळेपासून न वाचता हो म्हणतो, मी पण म्हटलंय. त्यापेक्षा आधीच खोली ठरवून द्यावी, पॅकेज डाऊनलोड करायच्या टप्प्याला फक्त पॅकेजचा सर्व्हर उघडा आणि चालवायच्या टप्प्याला काहीच नाही. डाऊनलोडच्या टप्प्यात पॅकेजबरोबर येणाऱ्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या नाहीत, एनपीएमला इग्नोर-स्क्रिप्ट्स म्हणून सांगता येतं, कारण त्या टप्प्यात नेट उघडं असतं आणि नेमकं तेव्हाच परका कोड चालायला नको.

पॅकहाऊसमध्ये आम्ही हे बसवलं आणि पहिल्याच आठवड्यात मित्राचा सकाळी सात वाजता फोन आला, "अरे लेबल निघेना, बाया बसून आहेत, कंटेनर दुपारी भरायचाय." भाचा माझ्या आधी गाडीवर पोचला. रात्री लाईट गेली होती, ती आल्यावर राऊटरने प्रिंटरला नवीन पत्ता देऊन टाकला होता, ५० चा ५३ झाला, आणि आमच्या नियमात तर ५० च. मित्राच्या ऑपरेटरने तोवर फोनवर विचारून घेतलं होतं की ती डिनायची ओळ काढून टाकू का. भाच्याने त्याला थांबवलं, राऊटरमध्ये जाऊन प्रिंटरला ५० नंबर कायमचा बांधून दिला, दहा मिनिटं लागली. जाता जाता त्याने सर्व्हिसच्या फाईलमध्ये त्या दोन ओळींच्या वर मराठीत लिहून ठेवलं, की हा पत्ता लेबल प्रिंटरचा आहे, लेबल निघालं नाही तर आधी प्रिंटरचा पत्ता तपासा, ही ओळ काढू नका, आणि खाली स्वतःचा फोन नंबर.